विनातारण कर्ज आणि राहते घर : धोका कोठे आहे, संरक्षण कोठे आहे



कापडाच्या धंद्यात देणे-घेणे बहुतेक विनातारणच चालते. सुरत, भिवंडी, मालेगावचा माल तीस किंवा साठ दिवसांच्या बोलीवर येतो. जरीपटक्याचा किरकोळ दुकानदार गांधीबागेतून माल उचलतो तोही उधारीवरच. त्याशिवाय भिशी आहे, हातउसने आहे, पतसंस्थेचे वैयक्तिक कर्ज आहे, बँकेचे क्रेडिट कार्ड आहे आणि आता मोबाईलवरून मिळणारे कर्जही आहे. यांपैकी कोणत्याही व्यवहारात सहसा घर लिहून दिलेले नसते.

म्हणून बाजारात दोन समज पसरले आहेत. एक म्हणतो, "घर लिहून दिलेच नाही, तर घराला काय होणार?" आणि आलेल्या नोटिसा कपाटात टाकतो. दुसऱ्याच्या दारात वसुलीवाला उभा राहतो, "उद्या मकानाला कुलूप लावतो" असे दरडावतो, आणि तो घाबरून समोर ठेवलेल्या कोणत्याही कागदावर सही करतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे घरे जातात.

खरी गोष्ट अशी आहे. विनातारण कर्ज देणाऱ्याचा आपल्या घरावर आपोआप काहीही हक्क नसतो. तो हक्क मुख्यतः दोन वाटांनी तयार होतो. एक वाट कोर्टातली आपली गैरहजेरी आणि दुसरी वाट आपली स्वतःची सही. या दोन वाटा नीट समजून घेतल्या तर पुष्कळ घरे वाचतील.

विनातारण कर्ज म्हणजे काय?

ज्या कर्जासाठी घर, जमीन, सोने किंवा माल गहाण ठेवलेला नाही ते विनातारण कर्ज. घर गहाण ठेवून बँकेचे कर्ज घेतले आणि ते थकले, तर २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावताही घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. हा अधिकार फक्त तारण असलेल्या बँकेला किंवा वित्तसंस्थेला आहे. क्रेडिट कार्डवाल्याला, हातउसने देणाऱ्याला, माल उधार देणाऱ्या व्यापाऱ्याला तो नाही. त्याला आधी दावा लावावा लागतो, हुकूमनामा मिळवावा लागतो, मग दरखास्त करून जप्ती आणावी लागते. म्हणून वसुलीवाला दारात येऊन घराला कुलूप लावण्याची भाषा करतो तेव्हा त्याच्या हातात कोर्टाचा कागद आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

मात्र हुकूमनामा झाल्यावर परिस्थिती बदलते. तेव्हा ऋणकोच्या नावावरची बहुतेक सर्व मालमत्ता जप्तीस पात्र ठरते आणि व्यापाऱ्याचे राहते घर त्यातून सुटत नाही.

आपल्याच मुलखातला जुना धडा

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या चौकशीत दिसून आले की कर्जाचे बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत. शेतकऱ्याला कागद वाचता येत नसे, कोर्ट दूर असे, म्हणून तो हजरच राहत नसे. सावकाराने लिहिलेला आकडा तसाच हुकूमनाम्यात उतरे आणि मग जमीन व घर लिलावात जाई.

त्यावर १८७९ साली दख्खन कृषक दिलासा कायदा आला. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. पहिली, शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता त्या कर्जासाठी स्पष्टपणे गहाण ठेवलेली नसेल, तर पैशाच्या हुकूमनाम्याखाली ती जप्त करता येणार नाही. दुसरी, कोर्टाने नुसता रोख्यावरचा आकडा न पाहता मूळ देण्यापासून हिशेब तपासावा. नागपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते, त्यामुळे हा कायदा इकडे नव्हता. इकडे १९३३ साली कर्ज समेटाचा वेगळा कायदा झाला आणि धनको-ऋणकोंना समोरासमोर बसवून तडजोड करणारी मंडळे आली.

जरीपटक्याचा संबंध याहून जवळचा आहे. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे येथे वसली आणि त्यांनी ही बाजारपेठ उभी केली. मागे राहिलेली दुकाने आणि घरे गेली, पण जुनी देणी कागदावर उरली होती. अशा लोकांसाठी १९५१ साली विस्थापित व्यक्ती (कर्ज समायोजन) कायदा झाला. विस्थापित ऋणकोला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येत होता, त्याची फेडण्याची ऐपत पाहिली जात होती आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून त्याच्या जुन्या कर्जावर व्याज चढू नये अशी तरतूद होती.

या सर्व कायद्यांमागे एकच विचार होता. देणे खरे असेल ते फेडले जावे, पण हिशेब न तपासता माणसाचे छप्पर जाऊ नये. मात्र हे कायदे शेतकऱ्यांसाठी किंवा विस्थापितांसाठी होते. शहरातल्या दुकानदाराला असे खास कवच महाराष्ट्रात मिळाले नाही. पंजाब व हरियाणात बिगर-शेतकरी माणसाचे एक मुख्य राहते घर, ते त्या कर्जासाठी गहाण नसेल तर, जप्तीतून वगळलेले आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणून आपल्याला स्वतःच सावध राहिले पाहिजे.

कायदा काय राखतो?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये काही वस्तू जप्तीतून वगळल्या आहेत. आपल्या वाचकांच्या कामाच्या बाबी अशा :

१) कारागिराची हत्यारे व साधने. विणकर, शिंपी, जरीकाम करणारा, सुतार यांची हातातली साधने यात येतात.

२) स्वतः शेती करून मुख्यतः त्यावरच जगणारा शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांचे स्वतःच्या मालकीचे राहते घर. 'मजूर' या शब्दात कुशल, अर्धकुशल व अकुशल असे तिन्ही येतात. म्हणून मजुरीवर माग चालवणाऱ्याने किंवा मजुरीवर शिलाई करणाऱ्याने हा मुद्दा वकिलाला अवश्य सांगावा.

३) अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुण-पांघरुण आणि हिशेबाच्या वह्या.

४) भाडे नियंत्रण कायद्याखालील राहत्या घरातील भाडेकरूचा हक्क.

"मी या सवलतीचा हक्क सोडतो" असे कोणी लिहून घेतले असले तरी तो करार रद्दबातल समजला जातो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही सवलत मागावी लागते. कोर्टात हजर राहून हरकत नोंदवली नाही, तर बेलिफ घरमालक मजूर आहे की व्यापारी हे विचारत बसत नाही. आणि घर गहाण टाकलेले असेल, तर गहाणदाराविरुद्ध या सवलतीचा उपयोग नाही.

पहिली वाट : कोर्टातली गैरहजेरी

आता घर कसे जाते ते क्रमाने पाहू. समजा एका दुकानदाराकडे बाहेरगावच्या व्यापाऱ्याचे चार लाख रुपये थकले आहेत. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी छापलेल्या असतात. मुदतीनंतर अमुक टक्के व्याज, आणि वाद झाल्यास त्या व्यापाऱ्याच्या गावच्या कोर्टाचे अधिकारक्षेत्र. समन्स सुरतेहून येतो. दुकानदार म्हणतो, इतक्या लांब कोण जाणार? तो जात नाही. हुकूमनामा एकतर्फी होतो. मग तो हुकूमनामा बजावणीसाठी नागपूरच्या कोर्टाकडे वर्ग होतो आणि एक दिवस बेलिफ दारात उभा राहतो. कोर्ट लांब होते, पण जप्ती आपल्याच गल्लीत आली.

लेखी करार, हुंडी, वचनचिठ्ठी यांवरचे दावे पुष्कळदा संक्षिप्त स्वरूपात, म्हणजे आदेश ३७ खाली लावतात. त्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. त्यानंतर निकालाचा समन्स येतो आणि तो मिळाल्यापासून दहा दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. हे दहा दिवस चुकले की धनकोला सरळ हुकूमनामा मिळू शकतो. साध्या दाव्यात लेखी कैफियत देण्यास तीस दिवस असतात आणि कोर्ट ती मुदत काही प्रमाणात वाढवू शकते.

हजर राहिल्याने देणे माफ होत नाही. मग फायदा काय? फायदा मोठा आहे. किती माल परत गेला, किती रक्कम रोखीने दिली, खराब माल किती निघाला, व्याज कोणत्या दराने लावले, हे सर्व तपासले जाते. देणे तीन वर्षांपेक्षा जुने असेल तर मुदतीचा मुद्दा निघतो. (मुदत संपण्याआधी खात्यावर सही केली किंवा थोडी रक्कम देऊन तसे लिहून दिले, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात, हेही लक्षात असावे.) आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हुकूमनामा देताना कोर्ट सबळ कारण पाहून हप्ते बांधून देऊ शकते. हुकूमनामा झाल्यानंतर हप्ते हवे असतील तर धनकोची संमती लागते. म्हणजे हप्त्यांची मागणी निकालाआधी करावी. बेलिफ आल्यावर ती हातातून गेलेली असते.

समन्स खरोखरच मिळाला नसेल आणि एकतर्फी निकाल झाला असेल, तर तो कळल्यापासून तीस दिवसांत रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. समन्स घेण्याचे टाळले असेल तर हा दरवाजा उघडत नाही. दाराला चिकटवलेला समन्ससुद्धा बजावलेला धरला जाऊ शकतो.

काही धनको दावा लावताच निकालाआधी घरावर जप्ती मागतात. ऋणको मालमत्ता विकून किंवा दडवून हुकूमनामा फोल करण्याच्या बेतात आहे, असे दाखवता आले तरच ती मिळते. विनातारण कर्जाचे तारण कर्ज करून देण्यासाठी ही तरतूद नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००८ साली स्पष्ट केले आहे. पण हेसुद्धा कोर्टात उभे राहूनच सांगावे लागते.

चेकचा वेगळा हिशेब

कलम १३८ चा कायदा १ एप्रिल १९८९ पासून लागू आहे. चेक न वटल्याचे कळल्यावर धनकोने तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली तर गुन्हा होत नाही. दिली नाही तर फौजदारी खटला चालतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कोरा चेक सही करून देणे ही आपल्या बाजारातील जुनी खोड आहे. त्या कोऱ्या जागेत कोणता आकडा लिहिला जाईल, हे सही करणाऱ्याच्या हातात राहत नाही.

दुसरी वाट : आपली सही

कोर्टापेक्षाही जास्त घरे सहीने धोक्यात येतात. सहीचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार, मूळ कागद देणे. "फक्त विश्वासासाठी ठेवा" म्हणून घराची मूळ रजिस्ट्री किंवा पट्ट्याचा कागद धनकोच्या हवाली करतात. कर्जाच्या तारणासाठी मालकीचे मूळ दस्तऐवज देणे हेच नागपूरसारख्या शहरात गहाण ठरू शकते, त्यासाठी वेगळे गहाणखत लागत नाही. कालपर्यंतचे विनातारण कर्ज त्या दिवशी तारण कर्ज बनते.

दुसरा प्रकार, विक्रीखत. सावकार म्हणतो, "कागद नावापुरता आहे, पैसे फेडले की घर परत." रजिस्ट्री ऑफिसात मात्र विक्री नोंदवली जाते. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाणाचा होता हे सिद्ध करणे फार जड जाते. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांबाबतही अशीच खबरदारी घ्यावी.

तिसरा प्रकार, लहान कर्जे फेडण्यासाठी घरावर मोठे कर्ज. तीन क्रेडिट कार्डे, एक वैयक्तिक कर्ज आणि बाजाराची उधारी मिळून सहा लाख झाले, म्हणून घर तारण ठेवून सहा लाख उचलतात. व्याजाचा दर कमी होतो, दरमहा बोजा हलका दिसतो. पण आधी ज्यांना घरापर्यंत पोहोचायला दावा, निकाल आणि दरखास्त लागली असती, त्यांचे देणे फिटून आता सरफेसीची नोटीस काढू शकणारी बँक समोर येते. धंद्याची आवक पक्की असेल आणि जुनी खाती खरोखर बंद होणार असतील, तरच हा मार्ग विचारात घ्यावा. कार्डे पुन्हा चालू राहिली तर दोन्ही ओझी डोक्यावर राहतात.

चौथा प्रकार, जामीन. भावाच्या, मित्राच्या, शेजाऱ्याच्या कर्जाला माणूस मुरवतीने सही करतो. कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. धनकोने आधी कर्जदाराच्या मागे जावे असे बंधन सहसा नसते. पतसंस्था आणि सहकारी बँका यांना तर दिवाणी दावाही लावावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी घराची जप्ती व लिलाव करू शकतो. या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर थकीत रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून दाखला निघण्याआधी निबंधकाकडे जी सुनावणी असते, तीच खरी वेळ. तिथे हजर राहून हिशेब मागावा.

पाचवा प्रकार, भागीदारी. नोंदणी असो वा नसो, भागीदारी पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो. चार आणे हिस्सा आहे म्हणून चार आणेच देणे असे धनकोला सांगता येत नाही.

येथे भाषेचाही प्रश्न आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दूत झाले. कर्जाचे कागद इंग्रजीत, कोर्टाचे मराठीत किंवा इंग्रजीत. "मला वाचता आले नव्हते" हा बचाव कोर्टात सहजासहजी टिकत नाही. कागद घरी आणावा, मुलाकडून, मुलीकडून किंवा वकिलाकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावा आणि मगच सही करावी. जो घरी नेऊ देत नाही त्याचा कागद सहीलायक नाही, असे समजावे. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा स्पष्ट हुकूम आहे, आणि अडचणीतल्या ऋणकोला मोहलत देण्याचाही. आपल्यात हातउसने बहुधा तोंडी चालते. लिहिलेले असले तर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोघांचेही घर सुरक्षित राहते.

विनापरवाना सावकार

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे सावकारीला परवाना लागतो. त्याच साली काढलेल्या अधिसूचनेने बिगर-शेतकऱ्यांसाठी तारण कर्जाला वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जाला १८ टक्के ही व्याजाची कमाल मर्यादा घातली. दोन लाखांच्या विनातारण कर्जावर हे व्याज महिन्याला तीन हजार होते. बाजारात शेकडा पाच दरमहा घेणारे दहा हजार घेतात, म्हणजे वीस महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज जाते आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते.

विनापरवाना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. याहून महत्त्वाचे कलम १८ आहे. सावकारी व्यवहारात कर्जाच्या तारणापोटी गेलेले घर किंवा जमीन, विक्रीखताने गेलेली असली तरी, पंधरा वर्षांच्या आतील व्यवहार असेल तर चौकशी करून तो दस्त अवैध ठरवण्याचा आणि मालमत्ता परत देण्याचा हुकूम जिल्हा निबंधक करू शकतो. अर्ज सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करावा. दिलेल्या व्याजाच्या चिठ्ठ्या, बँकेतून पाठवलेल्या रकमा, साक्षीदार यांचा पुरावा जपून ठेवावा. बँक, पतसंस्था किंवा व्यापारातली सरळ मालाची उधारी यांना हा कायदा लावता येत नाही.

घर कोणाच्या नावावर आहे?

मुस्लिम कायद्यात मुलाला बापाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क नाही. म्हणून बाप हयात असताना मुलाच्या धंद्याच्या कर्जासाठी बापाचे घर जप्त होत नाही, बापाने जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. तसेच बायकोच्या स्वतःच्या मालकीचे घर नवऱ्याच्या देण्याला लागत नाही, तिने सहकर्जदार म्हणून सही केलेली नसेल तर. दुसऱ्याच्या घरावर चुकून जप्ती आली तर खऱ्या मालकाने कोर्टात हरकत घ्यावी.

वारसाने आलेले घर भावाबहिणींत वाटणी न होता सामाईक असेल, तर फक्त ऋणकोचा हिस्सा जप्त होतो. तो हिस्सा बाहेरच्या माणसाने लिलावात घेतला तरी त्याला राहत्या घरात इतरांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे घरातील इतर हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेऊ शकतात.

देणे वाढल्यावर काहीजण घाईने घर बायकोच्या किंवा मुलाच्या नावे हिबा करतात. हे वाचवणारे औषध नाही. धनकोला बुडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर धनकोच्या मागणीवरून कोर्ट रद्द करू शकते. शिवाय ते इमानदारीतही बसत नाही.

मृत्यूनंतर आधी कर्ज फेडायचे आणि मग वारसा, हा आपला नियम आहेच. पण वारस आपल्या खिशातून देण्यास बांधील नसतात. मयताच्या मालमत्तेतून जेवढे हाती आले तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी असते. बायकोची मेहेरची रक्कम हेही मयताचे विनातारण देणेच आहे. मेहेरपोटी विधवेने शांततेने आणि कायदेशीररीत्या घराचा ताबा घेतलेला असेल, तर मेहेर फिटेपर्यंत तो ताबा राखण्याचा तिला हक्क आहे. नवऱ्याचे धनको तगादा लावतात तेव्हा ही गोष्ट विधवेला सांगणारा कोणी तरी असावा.

लिलाव जाहीर झाला तरी

जप्तीचा हुकूम घराजवळ दवंडीने किंवा रूढ पद्धतीने जाहीर होतो. त्यानंतरही उपाय शिल्लक असतात :

• देणे भागेल तेवढाच भाग विकावा, असा नियम आहे. दोन मजली घराचा एक मजला किंवा दुकानाचा गाळा विकून भागत असेल तर तसे कोर्टाला दाखवावे. हे कोर्टाचे कर्तव्य आहे, असे सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे.

• खासगी विक्रीने, भाडेपट्ट्याने किंवा गहाणाने रक्कम उभी करण्यासाठी लिलाव पुढे ढकलण्याचा अर्ज करता येतो. लिलावापेक्षा खासगी विक्रीत सहसा चांगली किंमत येते.

• बोली पक्की होण्याआधी देणे व खर्च भरला तर लिलाव थांबतो.

• दिवाणी कोर्टाचा लिलाव झाल्यावरही साठ दिवसांत जाहीरनाम्यातील रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या पाच टक्के भरून लिलाव रद्द करून घेता येतो.

प्रामाणिकपणे पैसे नाहीत म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा १९८० सालचा निर्णय आहे. पैसे असून लपवले तर मात्र संरक्षण नाही. देणी फेडणे अगदीच अशक्य झाले तर जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज हा शेवटचा मार्ग आहे.

काय करावे?

१) सर्व देण्यांची एक यादी करावी. कोणाचे, किती, कोणत्या व्याजाने, घर तारण आहे की नाही, चेक दिला आहे की नाही. तारण देणे आणि चेकची देणी वर लिहावीत.

२) कोर्टाचा किंवा निबंधकाचा कोणताही कागद आला की त्यावर मिळाल्याची तारीख लिहून त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे. फीची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

३) धनकोला तोंड चुकवू नये. पेलेल तेवढा हप्ता स्वतः सुचवावा, तो लेखी ठरवावा, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. फोनवर कबूल केलेला हप्ता कागदावर आल्याशिवाय धरू नये.

४) दावा चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड करावी. तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचेच बळ असते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

५) बँकेचे वसुली एजंट सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी आली तर बँकेकडे लेखी तक्रार करावी.

६) घराची रजिस्ट्री, पट्टा, आखीव पत्रिका कोणाच्याही हाती विश्वासापोटी देऊ नये. विनातारण देण्याच्या बदल्यात घराचा कागद मागितला तर वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

७) जामीन राहण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. हे सगळे देणे मलाच फेडावे लागले तर मी फेडू शकेन का? उत्तर नाही असेल तर मुरवत बाजूला ठेवून नकार द्यावा.

देणे ही अमानत आहे आणि ते फेडलेच पाहिजे, कायद्याची मुदत संपली तरी. पण खरे देणे किती, हे ठरवण्याचा आणि ते झेपेल अशा रीतीने फेडण्याचा हक्क आपल्याला आहे. हा हक्क बजावायचा तर तारखेला हजर राहावे लागते आणि सही करण्याआधी कागद वाचावा लागतो.